काचेची मस्तके आणि तेरच्या बाहुल्या
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहीजण बुचकळ्यात पडले असतील. म्हणून आरंभ घरच्या गोष्टीने करतो. गोरोबाकाकांनी थापटी घेऊन जमलेल्या संतांच्या मस्तकांवर ठोकून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मस्तक म्हणजे मडके, ही कल्पना आपल्याला इतकी परिचित आहे की तिच्यातील नवल आपल्याला जाणवतच नाही. मला ते जाणवले फार उशिरा, आणि तेही न्यूयॉर्कमध्ये.

मुलाकडे गेलो असता तेथील मेट्रोपॉलिटन संग्रहालयात रोमन काचेच्या दालनात मी उभा होतो. समोर वीतभरही उंची नसलेली एक कुपी होती आणि ती कुपी म्हणजे एक माणसाचे डोके होते. कुरळे केस, फुगीर गाल, आणि टाळूवर निमुळता गळा. अशा कुप्यांत सुवासिक तेले ठेवीत. काहींना पुढे एक व मागे एक असे दोन चेहरे असतात; कोठे बालकाचा, कोठे मद्यदेव बॅकसचा, कोठे सर्पकेशी मेडुसेचा.

नळीने फुंकून काच घडविण्याची युक्ती इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात सिरिया-पॅलेस्टाइनच्या किनारपट्टीवर निघाली. पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या पूर्वार्धात कारागिरांनी तापलेला काचेचा गोळा साच्यात धरून फुंकण्यास आरंभ केला. साचा दोन किंवा अधिक भागांचा असे. आत फुंकर गेली की मऊ काच साच्याच्या भिंतींना जाऊन भिडते आणि चेहरा उमटतो. साचा उघडला तरी भाग जेथे मिळतात तेथे एक बारीक रेघ मागे राहते. डोक्याच्या कुप्यांत ती बहुधा कानांजवळून जाते. पूर्वी एक भांडे घडविण्यास जो वेळ लागे त्यात आता अनेक होऊ लागली आणि राजेरजवाड्यांची काच सामान्यांच्या घरी आली. एन्निऑन नावाच्या कारागिराने तर आपले नाव साच्यातच कोरले, त्यामुळे त्याच्या पेल्यांवर ते आजही वाचता येते.

आता ती रेघ ध्यानात ठेवून माझ्याबरोबर तेरला चला. धाराशिव जिल्ह्यातील, तेरणेकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर होय, हे फ्लीट यांनी १९०१ साली दाखवून दिले. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर सांगितले आहे. तगरचे कापड गाड्यांतून भडोचला जाई. त्याच भडोचच्या बंदरात परदेशांतून जो माल उतरे त्यात कच्ची काचही होती. (आपण बंगळूरकरांनी हे दूरचे समजू नये. १८९१ मध्ये यशवंतपूरला रेल्वेच्या कामात ऑगस्टस, तिबेरियस यांच्या मुखवट्यांची रोमन चांदीची नाणी सापडली होती.)

तेरला सातवाहनकाळच्या ज्या बाहुल्या सापडल्या, त्यांतील पुष्कळ केओलिन या पांढऱ्या मातीच्या आहेत. भरगच्च केशरचना, मोठाली कर्णभूषणे आणि ओठांवर अगदी किंचित हसू. पुढचा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्यात, दोन्ही जोडून आत पोकळी. सांधा पुन्हा बाजूलाच! हे दुहेरी साच्याचे तंत्र रोमकडून आले, असे काही विद्वान मानतात. आले असेलही. पण आपल्याकडे काही सुंदर दिसले की लगेच रोमचे प्रमाणपत्र शोधण्याची जी घाई होते, ती मला मान्य नाही. तंत्र गाड्यांबरोबर प्रवास करते, पण तो चेहरा, ती वेणी आणि ती माती तेरचीच आहे. शिवाय काम दोन्हीकडे निराळे. काच आतून श्वासाने ढकलली जाते, म्हणून कुपीची आतली बाजू गुळगुळीत असते. माती बोटांनी दाबावी लागते, म्हणून बाहुली फुटली की आत कुंभाराच्या बोटांचे ठसे सापडू शकतात. एन्निऑनचे नाव राहिले. या कुंभारांपैकी एकाचेही नाही. त्यांच्यानंतर हजार-बाराशे वर्षांनी त्याच गावी एक कुंभार झाला, त्याचे नाव मात्र घरोघर आहे.

या बाहुल्या टिकल्या त्या मुख्यतः रामलिंगप्पा लामतुरे यांच्यामुळे. गावच्या पांढरीतून पावसाबरोबर वाहून येणाऱ्या वस्तू त्यांनी आयुष्यभर वेचल्या. आज त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय तेरला आहे.

आणि येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. माझे आजोळ त्याच भागातले. पहिला पाऊस झाला की आम्ही मुले टेकाडावर धावत असू. मणी मुलींचे, आणि मातीची डोकी आमची. ती घेऊन आम्ही तेरणेच्या डोहात नेम धरीत असू; पोकळ असल्याने ती ‘डुबुक्’ असा मोठा छान आवाज करीत. किती फेकली याची गणती नाही. आजी एकदा ओरडली होती, “अरे मेल्यांनो, कुणाची तरी बाई हाय ती!” आम्ही हसलो.

न्यूयॉर्कच्या त्या काचपेटीसमोर मला आजीचा तो आवाज ऐकू आला. फेकलेल्यांपैकी एकच चेहरा मला अजून आठवतो. मधोमध भांग होता, डावा कान तुटला होता, आणि सांध्याची रेघ तेथूनच उकलत चालली होती.