दोन स्मृतींची सीमा



रायपूरच्या मराठी कुटुंबांना दोन भाषांत वावरणे नवे नाही. १९५६ पर्यंत या शहराची राजधानी नागपूर होती. पुढे राजधानी बदलली, तरी घरात मराठी आणि बाजारात हिंदी किंवा छत्तीसगढी हा क्रम अनेक घरांत टिकला. आज ज्या विषयावर बोलायचे आहे, तोही अशाच एका उंबरठ्याचा आहे.

संगणकाच्या आज्ञावल्यांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. १९७२ च्या सुमारास जन्मलेल्या सी भाषेतील आज्ञावली थेट यंत्राच्या आज्ञांत उतरते. तिला लागणारी स्मृती मागून घेणे आणि काम होताच परत करणे ही जबाबदारी लिहिणाऱ्याची असते. हा झाला नेटिव्ह कोड. १९९५ मध्ये आलेली जावा आणि २००२ मध्ये आलेली डॉट नेट व्यवस्था यांत मात्र एक कारभारी सतत मध्ये उभा असतो. निरुपयोगी झालेली स्मृती तो स्वतः गोळा करतो, मर्यादेबाहेर पडलेले पाऊल अडवतो. हा मॅनेज्ड कोड.

मग सारे काही कारभाऱ्याच्या हाती का देऊ नये? कारण अनेक वर्षे पारखलेली कामे नेटिव्ह बाजूला तयार आहेत. आपली देवनागरीच पाहा. ‘कि’ लिहिताना संगणकात आधी क साठवला जातो, वेलांटी नंतर. पडद्यावर मात्र वेलांटी आधी दिसावी लागते. ही मांडणी करणारे हार्फबझ नावाचे साधन नेटिव्ह आहे, आणि २०१७ मधील जावाच्या नवव्या आवृत्तीने तेच स्वीकारले. ते पुन्हा नव्याने लिहिणे म्हणजे व्यर्थ खटाटोप.

अडचण येते ती सीमेवर. ‘रायपूर’ या शब्दात काना आणि उकार वेगळे मोजले, तर सहा चिन्हे होतात. जावा किंवा डॉट नेटच्या स्मृतीत ती साधारणपणे १२ बाइट घेतात. पलीकडची आज्ञावली बहुधा यूटीएफ-८ पद्धत अपेक्षिते. तेथे देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, म्हणजे एकूण १८ बाइट लागतात. समजा, धान खरेदी केंद्रावर शेतकऱ्याचे नाव व गाव नोंदले जात आहे आणि लिहिणाऱ्याने पलीकडेही १२ बाइटांचीच जागा राखली आहे. आज्ञावली सावध असेल, तर गाव ‘रायप’ एवढेच उरेल. सावध नसेल, तर उरलेले सहा बाइट शेजारच्या स्मृतीवर सांडतील. इंग्रजी अक्षरांवर चाचणी घेणाऱ्याला हा दोष दिसतच नाही, कारण तेथे यूटीएफ-८ ला अक्षरामागे एकच बाइट पुरतो. अर्धवट नावाने पैसे अडकतात ते मात्र शेतकऱ्याचे.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. कारभारी आवराआवर करताना वस्तू एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवतो. नेटिव्ह बाजूला जुना पत्ता दिलेला असेल, तर ती रिकाम्या घरावर थाप मारते. म्हणून काम होईपर्यंत वस्तू जागेवर खिळून ठेवावी लागते, किंवा तिची प्रत द्यावी लागते. प्रत दिली की ती परत कोणी करायची हा प्रश्न उरतोच. ज्याने स्मृती घेतली त्यानेच ती सोडावी, हा जुना नियम मला अजूनही सर्वांत निर्धोक वाटतो.

सीमा ओलांडण्याला वेळही लागतो. लाख आकडे एकेक करून लाख वेळा पाठवण्यापेक्षा सारा गठ्ठा एकदाच द्यावा.

आणि अपघात? मॅनेज्ड बाजूची बहुतेक चूक पकडून काम पुढे नेता येते. नेटिव्ह बाजू कोसळली, तर सहसा संपूर्ण कार्यक्रम तिच्याबरोबर जातो. कारभाऱ्याला सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून वजनकाट्याशी बोलणारे, खात्री नसलेले साधन वेगळ्या प्रक्रियेत चालवावे, असे मी सुचवीन. थोडा वेळ अधिक जाईल. काटा बंद पडलाच, तर तेवढाच भाग पुन्हा सुरू करावा लागेल. नोंदीचे काम चालू राहील आणि रांगेतल्या पुढच्या माणसाचे नाव विचारता येईल.