जोसेफचा पगार



परक्या मुलुखात माणूस कोणाच्या आधाराने राहतो, एवढेच मी सांगणार आहे. मध्य आफ्रिकेतल्या गॅबॉनमध्ये, ओगोवे नदीकाठी लांबारेने नावाचे लहान गाव आहे. १९१३ साली अल्बर्ट श्वाइट्झर तिथे डॉक्टर म्हणून आले. जवळच्या मिशनच्या आवारातले कोंबड्यांचे खुराडे झाडून त्यांनी दवाखाना थाटला. १९५२ चे नोबेल शांतता पारितोषिक त्यांना मिळाले, हे आपण जाणताच.

पण रोग्यांची भाषा त्यांना येत नव्हती. ती येत होती जोसेफला. हा पूर्वीचा स्वयंपाकी. रोग्याचे दुखणे तो मटणाच्या तुकड्यांच्या नावांनी सांगे. लिहितावाचता येत नसे, तरी बाटलीवरच्या अक्षरांचे रूप ओळखून नेमके औषध काढून देई.

पहिल्या महायुद्धात पैशाची ओढाताण झाली. डॉक्टरांनी त्याचा पगार ७० फ्रँकांवरून ३५ वर आणला. इतक्या थोड्या पगारावर राहणे आपल्या इभ्रतीला शोभत नाही, असे सांगून जोसेफ निघून गेला. डॉक्टरांनी हे स्वतःच लिहून ठेवले, हा त्यांचा मोठेपणा.

आफ्रिकी माणसाला ते भाऊ म्हणत. पण धाकटा भाऊ. मी उभा जन्म पगाराच्या वाटाघाटींत घालवला. थोरला कितीही मायाळू असो, धाकट्याची भाकरी त्याच्या मर्जीवर असू नये.

आपली मुले आज दूरदेशी जातात. त्यांना एवढेच सांगा : तिथला जोसेफ कोण, ते आधी ओळखा, आणि त्याच्या कामाचे मोल त्यालाच विचारा.