ट्रान्सची ओहोटी आणि किनाऱ्याचा प्रश्न

(सिंधुदुर्ग व पेडणे परिसरातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पाणी, जमीन आणि रोजगार या विषयांच्या पाठोपाठ विषयपत्रिकेवर ‘ट्रान्स संगीत’ हे शब्द पाहून आपल्यातील काही ज्येष्ठांच्या भुवया उंचावल्या, हे माझ्या नजरेतून सुटलेले नाही. त्यांची नाराजी मी समजू शकतो. परंतु हा विषय मी मागून घेतलेला नाही. तो काल रात्रीच्या वादातून माझ्याकडे आला आहे. मसुदा समितीने किनारपट्टीवरील रात्रीच्या जलशांसंबंधी जो ठराव तयार केला, त्यात ‘परकीय, विकृत आणि तरुणांनी आता नाकारलेले ट्रान्स संगीत’ अशी शब्दयोजना आहे. ती वाचली जाताच हरमलकडचा एक तरुण कार्यकर्ता उठून म्हणाला, “विकृत म्हणा हवे तर, पण नाकारलेले कुठे आहे? आमच्या घराच्या भिंती रोज रात्री थरथरतात.” त्यावर दुसऱ्याने सांगितले की, खऱ्या ट्रान्सला आज कोणी विचारीत नाही, वाजते ते निराळेच असते. या संगीताची लोकप्रियता ओसरते आहे की नाही यावर अर्धा तास वाद झाला, आणि ठराव होता तसाच राहिला.

मी संगीताचा जाणकार नाही. तरीही ठरावातील तिन्ही विशेषणे मला तपासून घ्यावीशी वाटतात, कारण चुकीच्या विशेषणावर उभारलेले आंदोलन पुढे आपल्याच अंगावर येते.

ट्रान्स म्हणजे यंत्रांवर रचलेले नृत्यसंगीत. गोव्याच्या परंपरेत त्यात शब्द जवळजवळ नसतात. मिनिटाला साधारण १४० ते १५० एकसारखे ठोके आणि त्यांच्यावर फिरत, हळूहळू रंग बदलत जाणारे स्वरांचे छोटे आवर्तन, असे त्याचे स्वरूप. सात-आठ मिनिटांची एक रचना पुढच्या रचनेत बेमालूम मिसळते आणि रात्र सरते. भजनाच्या सप्ताहात रात्र जागवलेल्या माणसाला या पुनरावृत्तीचे फारसे आश्चर्य वाटू नये.

आता ‘परकीय’ या विशेषणाचे पाहू. या संगीतातील तो ओळखीचा, पिळवटून निघणारा स्वर ज्या यंत्रातून आला, ते रोलँड या जपानी कंपनीचे ‘टीबी-३०३’. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला खर्जाची साथ मिळावी म्हणून ते १९८१ मध्ये बाजारात आले आणि त्या कामी इतके निरुपयोगी ठरले की, १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. जुन्या बाजारात पडेल भावाने आलेली ही यंत्रे शिकागोतील काळ्या तरुणांच्या हाती लागली. १९८७ मध्ये ‘फ्यूचर’ या त्रिकुटाने त्यावर ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही ध्वनिमुद्रिका काढली आणि टाकाऊ यंत्रातून एक नवा संगीतप्रकार उभा राहिला. परंतु त्याच्याही आधी, १९८२ मध्ये, मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वाद्यवृंदात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी याच यंत्रावर, एका तालयंत्राच्या साथीने, दहा राग वाजवून तबकडी केली होती. ती खपली नाही. २०१० मध्ये हॉलंडमधून ती पुन्हा निघाली तेव्हा जगभरचे रसिक थक्क झाले. सिंग तेव्हा सत्तरीला पोचले होते, आणि २०१५ मध्ये ते वारले. गोव्याचा ट्रान्स त्यांच्यापासून निघाला असे मी म्हणत नाही; तसा संबंध नाही. मला म्हणायचे आहे ते एवढेच की, कोणते स्वर कोणाचे याचा सातबारा काढता येत नाही, आणि १९८२ चा खप पाहून जो कोणी या तबकडीला ‘नाकारलेली’ म्हणाला असता, तो साफ चुकला असता.

हणजूणचा इतिहास आपल्यापैकी पुष्कळांना ऐकून ठाऊक आहे. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला आणि त्याच दशकाच्या अखेरीस पाश्चात्त्य देशांतील हिप्पी आधी कळंगुटला, मग हणजूणला येऊन राहू लागले. सॅन फ्रान्सिस्कोचा गिल्बर्ट लेव्ही हा त्यांच्यापैकीच एक. तोच पुढे ‘गोवा गिल’ म्हणून प्रसिद्ध झाला आणि २०२३ मध्ये वारला. पौर्णिमेच्या रात्री किनाऱ्यावर आधी रॉक आणि रेगे वाजे. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला युरोपातून नव्या यंत्रसंगीताच्या ध्वनिफिती येऊ लागल्या. त्यांतील गायनाचे भाग कापून, नुसत्या वाद्यांचे तुकडे जोडून रात्रभर वाजवण्याची रीत इथेच रुजली. उन्हात आणि धुळीत तबकड्या वाकत, म्हणून कॅसेटवर आणि पुढे डिजिटल फितींवर काम चाले. त्या फिती हातोहात लंडनला, तेल अवीवला, जर्मनीला गेल्या आणि नव्वदच्या दशकात ‘गोवा ट्रान्स’ या नावाने तिथल्या दुकानांत आल्या. डिसेंबर १९९४ मध्ये पॉल ओकनफोल्ड याने बीबीसीच्या रेडिओवरून ‘गोवा मिक्स’ ऐकवले, तेव्हा गोव्याचे नाव इंग्लंडमधील घराघरांत पोचले. त्या संगीताच्या निर्मात्यांत मात्र गोवेकराचे नाव शोधावे लागते. मुखपृष्ठांवर ॐ आणि शंकर आले. माणसे आली नाहीत.

मी स्वतः हणजूणला १९९३ च्या डिसेंबरात गेलो होतो. ज्यांच्याकडे उतरलो होतो त्यांचे घर किनाऱ्यापासून दूर होते, तरीही झोप लागेना. मध्यरात्रीनंतर वैतागून मी यजमानांबरोबर तिकडे चालत गेलो. नाचणारे गोरे तरुण मला अपेक्षितच होते. अपेक्षित नव्हत्या त्या कडेने चटया अंथरून बसलेल्या गावच्या बायका. प्रत्येकीपुढे एक रॉकेलचा दिवा, एक स्टोव्ह, चहाचे पातेले, अंडी, पाव आणि केकचे तुकडे. तिकीट नव्हते, कुंपण नव्हते, दारावर पहारेकरी नव्हता. जागा कोणाचीच नव्हती, म्हणून त्या बायकांचीही होती. त्यांतल्या एका बाईंनी मला चहा देताना सांगितले, “हे असले गाणे आम्हांला नको. पण हंगामभर बसले की पोरांची फी निघते.” त्या चहाचे पैसे मी देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत, मी नाचायला आलो नव्हतो म्हणून असेल.

हे चित्र मी रंगवून सांगत नाही. त्याच किनाऱ्यावर अमली पदार्थ विकले जात होते, हप्ते घेतले जात होते, आपल्या देशातील तरुणांकडे त्या मंडळींत पुष्कळदा तुच्छतेने पाहिले जाई, आणि गावाला झोप हवी की नको हे कोणीच विचारीत नव्हते. मुक्ततेच्या नावाने चाललेल्या त्या व्यवहारात मुक्त कोण होते, हा प्रश्न तेव्हाही होताच.

मग लोकप्रियता ओसरली काय? लंडनच्या दुकानांपुरते बोलायचे तर होय: दशक संपता संपता ‘गोवा ट्रान्स’ ही चिठ्ठी जुनी झाली. परंतु ते संगीत ‘सायट्रान्स’ या नावाने पुढे चालत राहिले. पोर्तुगालमधील ‘बूम’ हा १९९७ पासूनचा महोत्सव आणि हंगेरीतील ‘ओझोरा’ आजही त्यासाठीच भरतात. ब्राझीलमध्ये त्याला मोठा तरुण श्रोतृवर्ग आहे. इस्रायलमध्ये लष्करी सेवा संपवून भारतात फिरून गेलेल्या तरुणांच्या दोन पिढ्यांनी ते आपले मानले. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने ज्या मेळाव्यावर हल्ला करून साडेतीनशेहून अधिक माणसे मारली, तो याच संगीताचा होता, आणि त्यानंतर गाझात जे घडले ते आपल्यासमोर आहे. २०१६ च्या सुमारास तर या संगीताचा ठेका मोठमोठ्या व्यापारी महोत्सवांच्या मुख्य मंचावर जाऊन बसला. ‘तरुणांनी नाकारलेले’ हे विशेषण म्हणूनच टिकत नाही.

ओसरले ते दुसरेच काही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई केली. त्यामुळे किनाऱ्यावरची रात्र भिंतींच्या आत गेली. आत गेली म्हणजे तिला दार आले आणि दार आले म्हणजे तिकीट आले. २००७ पासून कांदोळीच्या किनाऱ्यावर ‘सनबर्न’सारखे प्रायोजित महोत्सव सुरू झाले, २०१६ मध्ये तो पुण्याजवळ केसनंदलाही भरला. त्यातील संगीत ट्रान्सहून पुष्कळसे वेगळे असते, पण आपल्या ठरावाने सर्वांची एकच मोट बांधली आहे. हणजूण-वागातोरचे हे वारे पुढे मोरजी, आश्वे, मांद्रे असे पेडण्यात शिरले, आणि २०२३ च्या जानेवारीत मोपाहून विमाने उडू लागल्यावर तिथल्या जमिनीचे काय झाले ते मी पेडणेकरांना सांगण्याची गरज नाही. चहाच्या चटईला मात्र या बंद दारांच्या आत जागा उरली नाही. आत चहाऐवजी मद्य विकले जाते आणि ते परवानाधारक विकतो. ज्या घरांतील बायका बाहेर चटया टाकीत, त्याच घरांतील मुले आत पेले विसळतात. दक्षिणेत पाळोळ्याला तर याहून गमतीचा तोडगा निघाला: प्रत्येकाच्या कानावर श्रवणयंत्र चढवायचे आणि माडांखाली शेकडो माणसांनी निःशब्द नाचायचे. कायदा पाळला जातो, शेजारी झोपतो; आणि एकाच रात्री, एकाच वाळूवर प्रत्येक जण आपापले भाड्याचे संगीत ऐकतो.

संगीत संपले की श्रोते पांगले हा प्रश्न मला म्हणून दुय्यम वाटतो. संगीत पुष्कळ आहे, श्रोतेही आहेत. सामायिक जागा तेवढी नाहीशी झाली. कुरणे आणि देवराया कशा जातात हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही प्रक्रिया ओळखता यावी.

राहिले ‘विकृत’ हे विशेषण. त्याबाबत दोन घटना सांगतो. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्क मैदानात, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात, डिस्को संगीताच्या तबकड्यांची पेटी सुरुंगाने उडवण्यात आली आणि हजारो तरुण मैदानात घुसले. डिस्को मेला, असे तेव्हा जाहीर झाले. ते संगीत मुख्यतः काळ्यांचे, लॅटिनोंचे आणि समलिंगींचे होते, हे त्या आनंदात कोणी मोठ्याने म्हटले नाही. त्याच शहरातील ‘वेअरहाउस’ नावाच्या नृत्यगृहात फ्रँकी नकल्स तेव्हा वाजवीतच होता. आणि जिला पुढे जगाने ‘हाउस’ म्हटले, ती त्या मेलेल्या डिस्कोचीच संतती. अमुक संगीत संपले, ही घोषणा पुष्कळदा निरीक्षण नसते. ती इच्छा असते. इच्छा कोणाची, ते पाहावे.

दुसरी घटना इंग्लंडची. मे १९९२ मध्ये कॅसलमॉर्टन येथील गायरानावर हजारो तरुण दिवसेंदिवस नाचत राहिले. सामान्य रहिवाशांना त्रास झाला, आणि तो खराच होता. परंतु हुजूर पक्षाच्या सरकारने १९९४ मध्ये त्यावर जो कायदा केला, त्यात बंदी घालण्याजोग्या संगीताचे लक्षण म्हणून एकामागून एक येणाऱ्या आवर्ती ठोक्यांचा उल्लेख केला! रात्री उघड्यावर जमलेल्या शंभर माणसांना पांगवण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला, २००३ मध्ये ती मर्यादा वीसवर आणली गेली, आणि त्याच १९९४ च्या कायद्याच्या इतर कलमांनी निदर्शकांच्या व भटक्यांच्या जमण्यावरही बंधने आली. नाचणाऱ्यांपासून सुरुवात झाली म्हणून तेथील कामगार चळवळीतील अनेकांना त्याचे गांभीर्य उशिरा कळले.

त्या तुलनेत आपले २००० चे नियम मला अधिक शहाणे वाटतात. ते ताल पाहत नाहीत. ते वेळ आणि डेसिबल पाहतात. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५. भजन असो, ट्रान्स असो, की नेत्याचे भाषण. अर्थात नियमाच्या या समदर्शीपणाला आपण जागतो काय? गणेशोत्सवात आणि जयंत्यांच्या मिरवणुकांत ट्रकवर रचलेल्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतींसमोर आपण कार्यकर्ते हात जोडून चालतो. तिथे कोणाच्या छातीत धडधड झाली तर तो आपला समाज, आणि हरमलला झाली तर ती पाश्चात्त्य विकृती. हा दुटप्पीपणा तरुणांना दिसतो. हरमलच्या त्या मित्राची तक्रार शंभर टक्के न्याय्य आहे, आणि त्याच्यासाठी आपण न्यायालयात आणि रस्त्यावर दोन्हीकडे उभे राहिले पाहिजे. पण त्याच्या घराची भिंत आवाजाने थरथरते, तालाने नव्हे.

माझी सूचना एवढीच आहे. ठरावातून ‘परकीय’, ‘विकृत’, ‘नाकारलेले’ आणि ‘ट्रान्स’ हे चारही शब्द काढावेत आणि तेथे ‘रात्री दहानंतरचा ध्वनिक्षेपक, मग तो कोणाचाही असो’ असे घालावे. किनाऱ्यावरील जागा महोत्सवासाठी देण्यापूर्वी ग्रामसभेची संमती घ्यावी, हे मसुद्यात आहेच. मात्र किनाऱ्यावर चहा-पाव विकून घर चालवणाऱ्या बायकांविषयी अडीच पानांच्या त्या मसुद्यात एकही ओळ नाही. ती कोणी लिहायची, हे मसुदा समितीने जेवणाच्या सुट्टीपूर्वी ठरवावे.