कंपनीचा डबा, आपले इंजिन
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यान कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



गणेशोत्सवात या व्यासपीठावरून संतसाहित्यापासून मधुमेहापर्यंत अनेक विषयांवर उत्तम व्याख्याने झाली आहेत. त्या पंगतीत ‘राउटर’ हा पदार्थ वाढताना मला थोडा संकोच वाटतो आहे. पण कार्यवाहांनी आग्रह धरला, त्याला कारण आहे. आपल्यापैकी पुष्कळांची मुले शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी दूर आहेत. घरात दोघेच. नातवंडांचे तोंड दिसते ते व्हिडिओ कॉलवर, आणि तो कॉल नेमका आतल्या खोलीत गेले की तुटतो. मग कोणीतरी सांगते, “कंपनीचा राउटर काढून टाका, स्वतःचा चांगला लावा.” हा सल्ला अर्धा बरोबर आहे. उरलेला अर्धा समजून न घेता तो पाळला, तर घरातला फोन मुका होऊ शकतो. आज या दोन्ही अर्ध्यांबद्दल बोलायचे आहे.

डब्यातली चार खाती

फायबरचे कनेक्शन घेतले की कंपनीचा माणूस भिंतीवर एक डबा लावून जातो. आपण त्याला राउटर म्हणतो. पण आपल्या रेल्वेत जशी खाती वेगळी असतात, तशी त्या एका डब्यात चार खाती नांदत असतात.

पहिले खाते ओएनटीचे. काचेच्या तंतूतून आलेल्या प्रकाशाचे विजेच्या संकेतात रूपांतर करायचे आणि उलटही, हे त्याचे काम. दुसरे खाते खऱ्या राउटरचे. घरातल्या मोबाइल, टीव्ही, लॅपटॉप यांना पत्ते वाटून देणे, कोणाचा निरोप कोणाकडे हे पाहणे आणि बाहेरच्या आगंतुकाला दारात अडवणे. तिसरे खाते वायफायचे, म्हणजे बिनतारी प्रसारणाचे. चौथे खाते टेलिफोनचे. डब्याच्या मागे जिथे फोनची तार लागते, ते.

‘राउटर बदलायचा’ म्हणजे यातले दुसरे आणि तिसरे खाते आपल्याकडे घ्यायचे. पहिल्याला हात लावायचा नाही आणि चौथ्याला विसरायचे नाही. ज्यांना प्रसादाची घाई आहे त्यांनी एवढे लक्षात ठेवले तरी पुरे! बाकीच्यांसाठी आता कारणे सांगतो.

पहिल्या खात्याला हात का लावायचा नाही?

आपल्याकडे घरोघरी आलेले फायबर बहुतांशी जीपॉन पद्धतीचे असते. कंपनीच्या केंद्रातून एक तंतू निघतो. वाटेत स्प्लिटर नावाचा, वीज न लागणारा भाग त्याच्या फांद्या करतो आणि ३२ किंवा ६४ घरे त्या एकाच तंतूवर चालतात. केंद्राकडून घराकडे १४९० नॅनोमीटरच्या प्रकाशावर सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट, आणि घराकडून केंद्राकडे १३१० नॅनोमीटरवर सुमारे सव्वा गिगाबिट. ही क्षमता सगळ्यांत मिळून असते.

आता घराकडून केंद्राकडे जायची वाट एकच आणि घरे चौसष्ट. मग टक्कर कशी होत नाही? माझ्या सहकाऱ्यांना हे सांगायला नको. एकेरी मार्गावर टोकन हातात असल्याशिवाय गाडी ब्लॉक सेक्शनमध्ये सोडत नाहीत. इथेही तेच. केंद्रातले यंत्र प्रत्येक घराच्या ओएनटीला वेळेचा एक तुकडा नेमून देते आणि तेवढ्याच वेळात त्याने प्रकाश पाठवायचा. म्हणून प्रत्येक ओएनटीचा अनुक्रमांक केंद्रात नोंदलेला असतो. बाजारातून आणलेला, नोंद नसलेला ओएनटी तिथे सहसा चालत नाही. आणि एखादा बिघडलेला ओएनटी आपली पाळी नसताना प्रकाश फेकू लागला, तर त्या फांदीवरच्या सगळ्या शेजाऱ्यांचे इंटरनेट बिघडते. म्हणून हे खाते कंपनीकडेच राहू द्यावे.

आणखी दोन पथ्ये. तंतूचे टोक डोळ्यांसमोर धरू नका. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण तो लेसर असतो. आणि टोकाला बोट लावू नका. धुळीचा कण किंवा बोटाचा तेलकटपणा संकेत कमकुवत करायला पुरेसा होतो.

आधी निदान, मग औषध

नवा राउटर आणण्याआधी रोग कुठे आहे ते पाहा. तपासण्या तीन आहेत.

पहिली. डब्यावर ‘लॉस’ लिहिलेला लाल दिवा लागला असेल, तर प्रकाशच येत नाही. दिवा ठीक असेल तर डब्याच्या सेटिंगच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची पातळी बहुधा दिसते. नेहमीच्या प्रकारच्या ओएनटीला ती उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या आत लागते. उणे २० च्या आसपास असेल तर प्रकृती उत्तम. उणे २७ च्या काठावर असेल तर कंपनीला बोलवा. तिथे नवा राउटर आणणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

दुसरी. लॅपटॉप थेट तारेने डब्याला जोडून वेग मोजा. तारेवर योजनेइतका वेग मिळतो आणि आतल्या खोलीत मिळत नाही, तर दोष वायफायचा आहे.

तिसरी तपासणी फुकट आहे. डबा कुठे ठेवला आहे ते पाहा. आमच्या कॉलनीत एका निवृत्त गार्डसाहेबांकडे तो दारामागे, लोखंडी कपाटाच्या पाठीशी होता. फायबर आत आले तिथेच बसवणाऱ्याने तो ठोकला आणि तो गेला. आम्ही डबा मधल्या खोलीत उंचावर नेला, तंतू कुठेही तीव्र वळणार नाही याची काळजी घेतली, आणि काकूंचा व्हिडिओ कॉल स्वयंपाकघरात चालू झाला. एक रुपयाही खर्च नाही.

पण सगळीकडे असे होत नाही. आपल्या जुन्या क्वार्टरच्या भिंती जाड विटांच्या. पाच गिगाहर्ट्झचे वायफाय वेगवान, पण अशा दोन भिंतींत दमते. अडीचच्या आसपासचे, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचे, लांब जाते, पण त्यात एकमेकांना न भिडणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. सगळी कॉलनी त्या तीन रुळांवर गाड्या सोडते! अशा घरात स्वतःचा राउटर घराच्या मध्यावर बसवण्याला अर्थ आहे. दुसरे योग्य कारण सुरक्षेचे. डबा जुना आहे आणि त्याला सुधारित सॉफ्टवेअर येणे थांबले आहे. तिसरे म्हणजे मुलांच्या वेळा ठरवणे, पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय देणे अशा सोयी हव्या आहेत.

बदलण्याची रीत

सिग्नलच्या कोणत्याही उपकरणाला हात लावण्याआधी आम्ही स्टेशन मास्तरांना डिस्कनेक्शन मेमो देतो आणि काम झाल्यावर रिकनेक्शनचा. काय बंद होणार, कधीपर्यंत आणि पुन्हा चालू झाले याची खात्री कोणी केली, हे सगळे कागदावर. घरातही तीच शिस्त ठेवा.

आधी कंपनीला विचारून लिहून घ्या. कनेक्शन पीपीपीओई पद्धतीचे आहे का? असल्यास युजरनेम आणि पासवर्ड काय? व्हीलॅनचा क्रमांक लागतो का? डबा ब्रिज मोडवर टाकून देता का? ब्रिज मोड म्हणजे त्या डब्याने फक्त प्रकाशाचे रूपांतर करायचे आणि बाकी कारभार आपल्या राउटरकडे सोपवायचा. जर्मनीत ग्राहकाला स्वतःचे उपकरण निवडण्याचा हक्क १ ऑगस्ट २०१६ पासून कायद्याने मिळाला. आपल्याकडे ब्रिज मोड मिळतो की नाही, हे प्रत्यक्षात कंपनीच्या मर्जीवर असते. म्हणून खरेदीआधी विचारा.

मग जुन्या डब्याच्या सेटिंगच्या पानांचे फोटो काढा. मागचे रीसेटचे छोटे भोक मात्र टाचणीने दाबू नका. कंपनीने भरलेली माहिती पुसली जाते आणि मग तंत्रज्ञाची वाट पाहत बसावे लागते.

राउटर घेताना त्याची मागची पोर्ट गिगाबिटची आहेत का ते पाहा. स्वस्त राउटरची पोर्ट १०० मेगाबिटची असतात. आपली योजना २०० ची असली तरी पाण्याचा नळ अर्ध्या इंचाचाच राहतो. दोन्ही बँडचा राउटर घ्या. कंपनीच्या डब्यापासून मधल्या खोलीपर्यंत चांगली लॅन केबल टाका. ती १०० मीटरपर्यंत चालते, घरात त्याची चिंता नाही.

जोडणी अशी. डब्याच्या लॅन पोर्टमधून तार काढून नव्या राउटरच्या वॅन पोर्टला लावायची. वॅनच्या सेटिंगमध्ये पीपीपीओई निवडून युजरनेम, पासवर्ड आणि लागत असल्यास व्हीलॅन भरायचा. जुन्या डब्याचे वायफाय बंद करायचे. नव्या वायफायला जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला, तर घरातली बहुतेक उपकरणे आपोआप जोडली जातात. जुना पासवर्ड गावभर झालेला असेल, तर मात्र तो बदलण्याची हीच वेळ.

ब्रिज मोड मिळाला नाही तर? निराश होऊ नका. नवा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर लावा. मग कारभारी कंपनीचा डबाच राहतो आणि आपला राउटर फक्त वायफाय पसरवतो. भिंतींचा प्रश्न एवढ्यानेही सुटतो.

विसरायचे नाही ते खाते

आता चौथे खाते. ज्येष्ठ मंडळींनी हे नीट ऐकावे. पूर्वीच्या तांब्याच्या तारेवरच्या फोनला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्टची वीज मिळत असे. घरातली वीज गेली तरी फोन चालत असे. काचेच्या तंतूतून वीज येत नाही. घरातली वीज गेली की डबा बंद आणि डब्याबरोबर फोनही बंद. रात्री-अपरात्री डॉक्टरांना किंवा मुलाला फोन लावायची वेळ आली, तर हे त्या वेळी कळून उपयोग नाही.

म्हणून तीन गोष्टी करा. फोनची तार कंपनीच्या डब्यातच राहू द्या. तो डबा काढून कपाटात टाकू नका. ब्रिज मोड करून घेण्याआधी ‘फोन चालू राहील ना?’ हे विचारा आणि काम झाल्यावर तंत्रज्ञ दारात असतानाच एक फोन बाहेर लावून आणि एक आत घेऊन पाहा. आणि डब्याला छोटा डीसी यूपीएस लावा. अडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून जुळणाराच घ्या. आता उपकरणे दोन झाली, हेही ध्यानात ठेवा. यूपीएस एकालाच असेल, तर फोन चालेल पण इंटरनेट जाईल, किंवा उलट.

किल्ली कोणाकडे?

२०१६ साली ‘मिराय’ नावाच्या विषाणूने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्याने कुलूप फोडले नाही. कारखान्यातून आलेले तेच ते पासवर्ड एकामागून एक लावून पाहिले आणि दारे उघडत गेली. म्हणून राउटरचा कारभाराचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. वायफायचा पासवर्ड आणि हा पासवर्ड वेगळे असतात. वायफायला डब्ल्यूपीए २ किंवा ३ ठेवा, डब्ल्यूपीएस बंद करा, बाहेरून कारभार करण्याची सोय बंद करा आणि सॉफ्टवेअर आपोआप अद्ययावत होण्याची सोय चालू करा.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कंपनीच्या डब्याची सेटिंग कंपनी आपल्या केंद्रातून तपासू आणि दुरुस्त करू शकते. स्वतःचा राउटर लावला की त्या राउटरपुरती ही सोय संपली. तक्रार केली तर उत्तर मिळेल, “आमच्या डब्यापर्यंत सगळे ठीक आहे.” आणि ते खरे असेल. रेल्वेत नवे उपकरण बसवताना आम्ही पहिला प्रश्न विचारतो, मेंटेनन्स कोणाकडे? दिवाळीत आलेला मुलगा हौसेने राउटर बसवून चार दिवसांनी परत जातो. नंतर आई-वडिलांनी कोणाला विचारायचे? याचे उत्तर नसेल, तर त्या घरात कंपनीचाच डबा चांगल्या जागी ठेवणे शहाणपणाचे. उत्तर असेल, तर जरूर बदला.

बदललात तर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. कोणता डबा कंपनीचा, कोणता आपला, बंद पडल्यास आधी कोणता बंद-चालू करायचा (आधी कंपनीचा, दोन मिनिटांनी आपला), कंपनीच्या तक्रारीचा क्रमांक आणि मदत करणाऱ्याचा क्रमांक. तो कागद फोनजवळ चिकटवा. कारभाराचा पासवर्ड मात्र तिथे नको, तो घरच्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवा.

मंडळातल्या तरुणांना एक विनंती. उत्सवात आपण वर्गणीसाठी घरोघरी जातोच. या वर्षी ज्या घरी ज्येष्ठ दोघेच राहतात, तिथे पाच मिनिटे थांबा. डबा कुठे आहे ते पाहा, पासवर्ड कारखान्याचाच आहे का ते विचारा, आणि वीज गेल्यावर फोन चालतो का ते त्यांच्यासमोर तपासून द्या. पावतीबरोबर एवढी सेवा दिली, तर वर्गणीही हसत मिळेल.



गणपती बाप्पा मोरया!