पश्चमस्तिष्काचे सात खण
(शिक्षक व पंचायत सदस्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



माणूस श्वास घेतो, घास गिळतो, हसतो, तोल सांभाळतो. या साऱ्या क्रियांवर ज्याची देखरेख असते तो मेंदूचा भाग कवटीच्या तळाशी, मानेच्या लगत असतो. त्यास पश्चमस्तिष्क म्हणतात. काव्य, गणित आणि राजकारण हे मेंदूच्या पुढील भागाचे उद्योग होत. परंतु ज्यावाचून एक घटकाही निभत नाही, ती कामे या मागच्या भागाकडे सोपविलेली आहेत. मानवी गर्भात या भागाची आखणी चौथ्या आठवड्याच्या सुमारास होते. मातेला दिवस गेल्याची खात्री पटते न पटते, तोच हे काम बरेचसे उरकलेले असते. ते प्रत्यक्ष पाहणे शक्य नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी आधार घेतला तो एका लहानशा माशाचा.

झेब्रा मासा हा मूळचा आपल्याच उपखंडातला. गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील फ्रान्सिस हॅमिल्टन यांच्या १८२२ च्या ग्रंथात त्याचे वर्णन आहे. तीन-चार सेंटिमीटर लांबीचा, अंगावर निळसर पट्टे असलेला हा मासा शोभेच्या माशांच्या व्यापारातून जगभर पसरला. अमेरिकेतील ऑरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी त्याला आनुवंशिकीच्या अभ्यासात प्रथम प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांचा महत्त्वाचा निबंध १९८१ साली प्रसिद्ध झाला. या माशाची मादी एका वेळी शंभराहूनही अधिक अंडी घालते. गर्भ मातेच्या शरीराबाहेर वाढतो, आणि मुख्य म्हणजे तो काचेसारखा पारदर्शक असतो. सुमारे २८ अंश सेल्सियस उष्णतामानात अठरा तासांच्या आत पश्चमस्तिष्कावर आडवे उंचवटे उमटतात, चोवीस तासांत हृदय धडधडू लागते आणि दोन-तीन दिवसांत पिलू अंड्याबाहेर येते.

हे आडवे उंचवटे म्हणजेच या विषयाचे मर्म. जुन्या वाड्याचा विस्तार जसा खणांत मोजतात, तसे कोवळे पश्चमस्तिष्क एकामागे एक अशा सात खणांत विभागलेले असते. प्रत्येक खणातल्या पेशी सहसा आपली हद्द ओलांडीत नाहीत, आणि कोणत्या खणातून कोणती तंत्रिका निघावी हेही ठरलेले असते. जबड्याची तंत्रिका पुढच्या खणांतून, चेहऱ्याची त्यामागून, घशाची त्याहूनही मागून.

ही वाटणी कोण करते? उत्तर जनुकांत आहे. पण जनुकाचे काम ते सुरळीत चालू असताना कळत नाही. तलाठी रजेवर गेला म्हणजे त्याच्याकडे कोणकोणती कामे होती ते गावाला समजते, तसाच हा प्रकार आहे. म्हणून नरमाशांना विशिष्ट रसायनाच्या पाण्यात ठेवून त्यांच्या जनुकांत बदल, म्हणजे उत्परिवर्तने, घडवून आणली जातात आणि पुढील पिढ्यांत कोणत्या गर्भात काय बिघडले ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले जाते. जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड यांनी आणि अमेरिकेतील बोस्टन येथे वोल्फगांग ड्रीव्हर यांनी हे काम प्रचंड प्रमाणावर केले. १९९६ च्या डिसेंबरात एका शास्त्रीय नियतकालिकाचा संपूर्ण अंकच त्याच्या निष्कर्षांनी भरला होता.

त्याच वर्षी ऑरेगॉन विद्यापीठातून सेसिलिया मोएन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘व्हॅलेंटिनो’ नावाच्या जनुकाची हकीकत प्रसिद्ध केली. हे जनुक निकामी झालेल्या गर्भात तिसऱ्या व चौथ्या खणामधील सीमा दिसत होती, परंतु त्यामागील सीमा उमटतच नव्हत्या. पश्चमस्तिष्काची लांबीही एका खणाने कमी भरली. पाचवा आणि सहावा खण वेगळे होण्याऐवजी त्यांच्या जागी एकाच खणाएवढा, धड ना हा धड ना तो, असा पट्टा उरला. निरोगी गर्भात या दोन खणांची जागा आरंभी एकत्रच असते आणि मागाहून तिची वाटणी होते. ती वाटणी व्हॅलेंटिनोवाचून होत नाही, असा त्याचा अर्थ.

यापुढचा प्रयोग अधिक उद्बोधक आहे. सदोष गर्भातील काही पेशी उचलून निरोगी गर्भात रोवण्यात आल्या. इतर खणांत त्या बिनबोभाट मिसळून गेल्या. पाचव्या व सहाव्या खणांत मात्र त्यांना थारा मिळाला नाही. ज्या पेशीत ते जनुक चालत नाही, तिला शेजारच्या पेशी आपल्यात सामावून घेत नाहीत. खणांच्या सीमा पेशींच्या या परस्पर ओळखीवर उभ्या असतात.

गंमत अशी की, या माशांचे कानही लहान व सदोष होते. वास्तविक वाढत्या कानात हे जनुक काम करीत नाही; ते करते शेजारच्या खणांत. घराची भिंत चुकली म्हणून शेजाऱ्याचे अंगण आखडावे, तसे हे झाले. अशाच विकाराचा, गोल गोल गिरक्या घेणारा उंदीर शास्त्रज्ञांना पूर्वीपासून माहीत होता. त्याचे जनुक १९९४ मध्ये सापडले, आणि १९९८ पर्यंत स्पष्ट झाले की मासा व उंदीर या दोघांतही तेच जनुक तेच काम करते.

दुसरे उदाहरण त्याहूनही चकित करणारे आहे. प्रत्येक खणाला त्याची ओळख देणारी ‘हॉक्स’ नावाची जनुके असतात, आणि त्यांच्या प्रथिनांना ‘पीबीएक्स’ या जोडीदार प्रथिनांची साथ लागते. मातेकडून अंड्यात आलेल्या साठ्यासह ही साथ पूर्णपणे काढून घेतली, तेव्हा दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे सर्व खण पहिल्या खणासारखे झाले. हा निष्कर्ष २००२ चा. अर्थात पहिल्या खणाचे रूप ही जणू मूळ स्थिती. बाकीच्यांना वेगळेपण शिकवावे लागते.

हे शिकवण्याच्या कामात ‘अ’ जीवनसत्त्वाचाही हात असतो. त्यापासून बनणारे रेटिनॉइक आम्ल गर्भाच्या धडाकडून पुढे झिरपते आणि मागील खणांना त्यांची जागा सांगते. ते तयार करणारे जनुक बिघडलेल्या माशात पश्चमस्तिष्काचा मागील भाग आखडतो व छातीचे पर उगवतच नाहीत. आम्ल कमी पडले तर असे. आणि जास्त झाले तर? मुरुमांवरील आयसोट्रेटिनॉइन हे औषध याच जातीचे आहे. अमेरिकेत ते १९८२ साली बाजारात आले, आणि ते घेतलेल्या गर्भवतींच्या काही अर्भकांत कान, चेहरा, मेंदू व हृदय यांची गंभीर व्यंगे आढळली. दिवस गेलेल्या अथवा जाण्याची शक्यता असलेल्या स्त्रीने हे औषध घेता कामा नये, ही गोष्ट आरोग्य केंद्रापासून शाळेपर्यंत सर्वांना ठाऊक असली पाहिजे.

माणसाच्या बाबतीत व्हॅलेंटिनोशी जुळणाऱ्या जनुकाचे नाव ‘मॅफ-बी’. डोळा बाहेरच्या बाजूस वळविणारी सहावी तंत्रिका याच खणांतून निघते. ती नीट न घडल्यास डोळा बाजूला वळत नाही; त्यास ड्युआन विकार म्हणतात. काही कुटुंबांत या विकारामागे मॅफ-बी मधील उत्परिवर्तन असल्याचे २०१६ मध्ये दाखवून देण्यात आले. या विकाराच्या बहुसंख्य रुग्णांत कारण हे जनुक नसते, हेही तितकेच खरे. परंतु अशा मुलाच्या घरी आजही, सुनेने ग्रहणात विळी हाताळली होती काय, असा प्रश्न विचारला जातो, आणि त्याचे ओझे ती बाई जन्मभर वाहते. जनुकातील बदल आईकडून येऊ शकतो, बापाकडून येऊ शकतो किंवा बीजपेशीत नव्यानेच घडू शकतो. त्याचा ग्रहणाशी वा विळीशी काडीचाही संबंध नाही. पंचायतीच्या सदस्याने घरोघरी एवढे सांगितले तरी पुष्कळ काम होईल.

मासा म्हणजे माणूस नव्हे, हे भान अभ्यासकांनाही ठेवावेच लागते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकसंचाच्या अभ्यासानुसार मानवी जनुकांपैकी सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात जुळणारे जनुक आहे, सर्वांना नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत या माशावर संशोधन चालते.

शिक्षकांना हा देखावा शाळेतही दाखविता येईल. डासांच्या बंदोबस्तासाठी पाण्यात सोडले जाणारे गप्पी मासे मात्र येथे कामाचे नाहीत; ते थेट पिले देतात. झेब्रा माशाची जोडी टाकीत ठेवावी आणि तळाशी गोट्या पसराव्यात, नाहीतर आईबापच अंडी फस्त करतात. सकाळी उजाडताच अंडी पडतात. दुसऱ्या दिवशी शाळेच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्याच्या थोडे मागे एक पारदर्शक पिशवी दिसेल आणि तिच्यात दोन चमकते कण. तो माशाचा कान. त्याला लागून आत जो भाग आहे, तोच पाचवा खण.