जुन्या बसगाड्यांचा प्रश्न आणि वाहतूक कामगारांची भूमिका

(वाहतूक कामगारांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शहर वाहतुकीतील जुन्या बसगाड्या मोडीत काढण्याच्या प्रश्नावर चळवळीत दोन मते ऐकू येतात. एक मत असे की, गाडी भंगारात गेली की तिच्याबरोबर चालक, वाहक आणि आगारातील कारागीर यांची कामेही जातात. म्हणून जुनी गाडी शक्य तितके दिवस रस्त्यावर ठेवण्याचा आग्रह धरावा. दुसरे मत असे की, जीर्ण गाडी चालवणे म्हणजे प्रवाशांच्या आणि चालकाच्या जिवाशी खेळणे होय. तेव्हा ती निघत असेल तर तिच्या जाण्याचे स्वागतच करावे. दोन्ही मतांत सत्याचा अंश आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. कामगारवर्गाने जुन्या गाडीचा बचाव करावयाचा नाही. सार्वजनिक सेवेचा बचाव करावयाचा आहे. हा भेद ध्यानात आला नाही, तर सत्ताधाऱ्यांच्या डावाला नकळत आपलाच हातभार लागेल.

प्रथम यंत्राचा विचार करू. शहरातील बस प्रत्येक थांब्यावर आणि प्रत्येक सिग्नलला थांबते व पुन्हा सुटते. त्यामुळे तिचे ब्रेक लायनर लांब पल्ल्याच्या गाडीपेक्षा लवकर झिजतात. हवेच्या ब्रेकच्या नळ्यांना गळती लागली की टाकीतील दाब उतरतो आणि पेडल दाबूनही गाडी हव्या त्या जागी थांबत नाही. खड्ड्यांचे धक्के आणि क्षमतेबाहेरची गर्दी यांमुळे स्प्रिंगचे पाटे तुटतात, सांगाड्याच्या सांध्यांना तडे जातात. मुंबईच्या खाऱ्या हवेत पायाखालचा पत्रा गंजतो. जुन्या वायरींवरचे आवरण कडक होऊन फुटते. तेथे ठिणगी पडली आणि जवळपास तेल किंवा गॅस झिरपत असला, तर गाडी पेटण्यास वेळ लागत नाही. सीएनजीच्या टाक्यांची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते, ती याच कारणाने.

यांपैकी बहुतेक दोष अपघातापूर्वी हेरता येतात. परंतु ते हेरणारा कुशल कारागीर आगारात असावा लागतो, त्याच्या हाताशी सुटे भाग असावे लागतात, आणि गाडी दुरुस्त होईपर्यंत तिच्या जागी रस्त्यावर पाठवावयास दुसरी गाडी असावी लागते. या तिन्ही गोष्टींची वाण पडली की, सदोष गाडी 'आजचा दिवस चालवा' म्हणून बाहेर काढली जाते. दुर्घटना घडल्यावर मात्र चौकशी सुरू होते ती चालकापासून आणि बहुधा संपतेही चालकापाशीच.

आता अर्थशास्त्राकडे वळू. मार्क्सच्या मृत्यूनंतर १८८५ साली एंगल्सने प्रसिद्ध केलेल्या 'भांडवल'च्या दुसऱ्या खंडात रेल्वेची उदाहरणे घेऊन यंत्रांची झीज, दुरुस्ती आणि बदली यांचा विचार केलेला आहे. यंत्र आपले मूल्य थोडेथोडे करून उत्पादनात उतरवते. ते थोडेथोडे बाजूला साठवले तरच यंत्राचे आयुष्य संपताना नवे यंत्र घेता येते. यालाच व्यवहारात घसारा निधी म्हणतात. आपल्या देशातील १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यातही घसारा व राखीव निधीची तरतूद करण्यास सांगितले आहे. परंतु भाडे सामाजिक कारणासाठी कमी ठेवावयाचे आणि त्यातून येणारी तूट सरकारने भरून द्यावयाची नाही, असे धोरण असले की प्रथम बळी जातो तो या निधीचा. पगार आणि इंधन यांचा खर्च आज द्यावा लागतो. नव्या बसचा खर्च उद्यावर ढकलता येतो. असा ढकललेला उद्या पंधरा वर्षांनी एकदम दारात येऊन उभा राहतो.

दिल्लीचा अनुभव या दृष्टीने फार बोलका आहे. २८ जुलै १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील प्रदूषणाच्या खटल्यात दोन गोष्टी सांगितल्या. आठ वर्षांहून जुन्या बसगाड्या सीएनजी अथवा अन्य स्वच्छ इंधनावर चालत नसतील तर त्या बंद कराव्यात, आणि १ एप्रिल २००१ पर्यंत बसगाड्यांची संख्या दहा हजारांवर न्यावी. पहिल्या आदेशाचा पाठपुरावा झाला. २००२ अखेर शहरातील बससेवा सीएनजीवर आली. दहा हजारांचे उद्दिष्ट मात्र मागे पडले. मधल्या काळात प्रवाशांच्या वाट्याला खाजगी मालकांच्या ब्लूलाइन गाड्या आल्या. प्रवासी पळवण्यासाठी त्या एकमेकींशी शर्यत लावत आणि त्या शर्यतीत माणसे चिरडली जात. अखेरीस २०१० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या सुमारास त्या हटवाव्या लागल्या.

त्या स्पर्धांच्या निमित्ताने दिल्ली परिवहन महामंडळासाठी हजारो लो-फ्लोअर गाड्या थोड्या अवधीत खरेदी झाल्या. त्यांचे आयुष्य बारा वर्षांचे धरले होते. पुढे ती मुदत पंधरा वर्षांपर्यंत वाढवण्यात आली. एकदम घेतलेल्या गाड्या एकदमच म्हाताऱ्या होणार, हे सांगण्यास तज्ज्ञाची आवश्यकता नव्हती. मार्च २०२५ मध्ये दिल्ली विधानसभेत मांडलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाप्रमाणे, ३१ मार्च २०२३ रोजी महामंडळाकडे ३,९३७ बसगाड्या होत्या आणि त्यांपैकी १,७७० म्हणजे जवळजवळ ४५ टक्के गाड्यांचे ठरलेले आयुष्य उलटून गेले होते. हिशेब सोपा आहे. चार हजारांच्या आसपासचा ताफा बारा वर्षांच्या आयुष्यावर टिकवावयाचा असेल, तर दरवर्षी सव्वातीनशेहून अधिक नव्या गाड्या आल्या पाहिजेत. ही खरेदी वर्षानुवर्षे झाली नाही. निष्काळजीपणा गाडीचा नव्हता. तो धोरणाचा होता.

याच सुमारास केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये नियम केला की, १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होणार नाही. परिवहन महामंडळांच्या बसगाड्याही त्यात आल्या. जुन्या गाड्यांना मुदत असावी याविषयी वाद नाही. परंतु जो नियम गाडी काढण्याचा दिवस ठरवतो आणि बदली गाडीसाठी निधी कोणी द्यावयाचा याविषयी मौन पाळतो, तो सुरक्षिततेचा अर्धाच नियम होय. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने दहा हजार विद्युत बसगाड्यांची योजना मंजूर केली. पण तीही खाजगी भागीदारीच्या पायावर. जुनी गाडी जनतेच्या मालकीची, नवी गाडी कंत्राटदाराची, असा हा मार्ग आहे.

तो मार्ग कोठे जातो हे मुंबईने पाहिले आहे. ऑगस्ट १९४७ मध्ये मुंबई महापालिकेने वीज आणि वाहतूक सेवा ताब्यात घेऊन बेस्ट उपक्रम उभा केला. देशाने ज्याच्याकडे आदर्श म्हणून पाहावे असा हा उपक्रम होता. जानेवारी २०१९ मध्ये तेथील कामगारांनी नऊ दिवसांचा संप केला. बेस्टचा अर्थसंकल्प महापालिकेच्या अर्थसंकल्पात विलीन करावा, ही त्या संपातील एक प्रमुख मागणी होती. म्हणजे घसाऱ्याचाच प्रश्न कामगारांनी ऐरणीवर आणला होता. ती मागणी बाजूला राहिली. उपक्रमाच्या स्वतःच्या गाड्या वयोमानाप्रमाणे निघत गेल्या आणि त्यांची जागा भाडेतत्त्वावरील गाड्यांनी घेतली. सप्टेंबर २०२३ मध्ये जुन्या डिझेल दुमजली बसला मुंबईकरांनी हार घालून निरोप दिला. ते दृश्य हृद्य होते. परंतु त्या दुमजली गाडीबरोबर काय जात आहे, हे थोड्यांनीच विचारले.

नवी गाडी म्हणजे आपोआप सुरक्षित गाडी, हा समजही तेथेच खोटा ठरला. फेब्रुवारी २०२३ मध्ये महिन्याभरात आगीचे तीन प्रकार घडल्यामुळे एका कंत्राटदाराच्या चारशे सीएनजी गाड्या बेस्टला रस्त्यावरून काढून घ्याव्या लागल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांनी पगारासाठी संप केला. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात भाड्याच्या विद्युत बसने माणसांना व वाहनांना चिरडले. मृतांचा आकडा नऊवर गेला. ती बस जीर्ण नव्हती. नव्या प्रकारच्या गाडीसाठी कंत्राटी चालकाला किती दिवसांचे प्रशिक्षण मिळते, हा प्रश्न त्यानंतर सर्वांच्या तोंडी आला. आणि मे २०२५ मध्ये बेस्टचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. कंत्राटाने खर्च वाचेल व प्रवासी सुखी होईल, या आश्वासनाचे मोल त्यावरून ठरवावे.

बस कमी झाली म्हणजे प्रवास कमी होत नाही. घरकाम करणारी स्त्री, पहिल्या पाळीचा कामगार, महाविद्यालयाचा विद्यार्थी यांना पोहोचावेच लागते. ते उरलेल्या बसच्या पायरीवर लोंबकळतात, शेअर रिक्षात दाटीने बसतात, कर्ज काढून दुचाकी घेतात. बस भंगारात काढून वाचवलेला धोका अशा रीतीने त्यांच्याच माथी परत येतो. याची नोंद बसच्या अपघातांत होत नाही, एवढाच फरक.

तेव्हा वाहतूक कामगारांच्या संघटनांनी पुढील मागण्या आगाराआगारांत आणि प्रवाशांमध्ये नेल्या पाहिजेत :

१. आयुष्य संपलेली एकही गाडी रस्त्यावर नको. परंतु काढलेल्या प्रत्येक गाडीमागे सार्वजनिक मालकीची नवी गाडी त्याच वर्षी आली पाहिजे.

२. खरेदी दरवर्षी ठराविक प्रमाणात व्हावी. त्यासाठी घसारा निधी वेगळा ठेवावा आणि तूट सरकारने वा महापालिकेने भरून द्यावी.

३. गाडीतील दोष लेखी नोंदवून ती बाहेर काढण्यास नकार देण्याचा चालकाचा हक्क मान्य व्हावा आणि त्यासाठी त्याच्यावर कारवाई होऊ नये.

४. आगारातील कारागिरांची रिक्त पदे कायम स्वरूपात भरावीत आणि विद्युत गाड्यांच्या दुरुस्तीचे शिक्षण त्यांना द्यावे.

५. नव्या प्रकारची गाडी हाती देण्यापूर्वी प्रत्येक चालकाला, तो कायम असो वा कंत्राटी, पुरेसे प्रशिक्षण मिळावे. कंत्राटी कामगारांना समान वेतन देऊन सेवेत सामावून घ्यावे.

यांतील तिसऱ्या मागणीपासून आरंभ करणे उचित होईल. कारण तिच्यासाठी नव्या निधीची वाट पाहावी लागत नाही. दोषांची वही प्रत्येक आगारात असते. ती काळजीपूर्वक भरली जावी, संघटनेने तिची प्रत ठेवावी आणि महिन्याच्या महिन्याला ती प्रवाशांपुढे मांडावी. आज प्रवासी उशिरा आलेल्या बसचा राग वाहकावर काढतो. बस का आली नाही, हे त्याला वाहकाकडूनच समजले, तर तो राग योग्य दाराशी जाईल आणि कामगार व प्रवासी यांच्या एकजुटीचा पाया त्या वहीच्या पानांवर घातला जाईल.