बाळाच्या लिव्हरमध्ये पाण्याची गाठ: थांबायचं कधी, धावायचं कधी?

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत डॉक्टर कधीकधी सांगतात, "बाळाच्या लिव्हरमध्ये पाण्याची गाठ दिसतेय." घरचे लगेच विचारतात, ऑपरेशन करावं लागेल का? पण त्याआधी कळायला हवं, की ही गाठ पित्तनलिकेला जोडलेली आहे का. जन्मानंतर पुन्हा सोनोग्राफी करतात ती यासाठीच.

जोडलेली नसेल आणि आत फक्त पाणी असेल, तर ती साधी गाठ. लहान असेल, बाळ दूध नीट पीत असेल, तर ठरावीक दिवसांनी सोनोग्राफी करत राहायचं, बस. गाठ मोठी होऊन पोटावर दाब आला, बाळ सारखं दूध उलटून टाकायला लागलं किंवा त्याला धाप लागली, तर मात्र शस्त्रक्रिया लागते.

ती आता दुर्बिणीतून करता येते. बेंबीपाशी छोटा छेद देऊन कॅमेरा आत जातो. बाकीची अवजारं जेमतेम ३ ते ५ मिलिमीटर जाडीची. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, पण अगदी बेताच्या दाबाने, कारण जास्त दाबाने तान्ह्या बाळाचा श्वास आणि रक्ताभिसरण दोन्ही अडतं. मग गाठीतलं पाणी ओढून लिव्हरच्या बाहेर आलेलं तिचं 'छप्पर' कापतात. नुसतं सुईने पाणी काढलं तर गाठ बहुधा पुन्हा भरते. छप्पर काढलं की उरलेलं पाणी पोटात झिरपतं आणि शरीर ते शोषून घेतं.

आता कळलं ना, पित्ताचं आधी का बघायचं? गाठ पित्तनलिकेला जोडलेली असताना छप्पर काढलं, तर पोटात पित्त गळत राहील. तिथे ऑपरेशनच वेगळं लागतं.

आणि हे मात्र लक्षात ठेवा. गाठ असो वा नसो, दोन आठवड्यांनंतरही कावीळ दिसत असेल, शी पांढरट किंवा मातकट होत असेल, तर "ऊन दाखवा, जाईल" म्हणत बसू नका. पित्तनलिका बंद असू शकते. त्यावरची जपानच्या डॉ. मोरिओ कसाई यांच्या नावाची शस्त्रक्रिया शक्यतो ६० दिवसांच्या आत व्हावी लागते. उशीर झाला तर लिव्हर कडक होत जातं.

म्हणून लंगोट बदलताना शीचा रंग बघा. रंग उडालेला वाटला, तर फोटो काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. काळजी घ्या, भेटू पुढच्या भागात.